तीन थरांची पाटी

आम्ही भूमिहीन. भोकरदन तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला आमची वाडी. डोंगरभर सीताफळं, पण डोंगराचा लिलाव व्हायचा आणि फळ ठेकेदाराचं व्हायचं. माझी माय (आई) त्याच्याकडे तोडणीला जाई. एकदा तिनं आम्हा भावंडांसाठी चार फळं ओट्यात (पदराच्या झोळीत) बांधली. राखणदारानं वाटेत ओटा सोडायला लावला आणि पडलेली फळं चपलेनं दाबली. मी तेव्हा तिचं बोट धरून होते. पुढे मी बी.ए. झाले, घरातली पहिली. ती चप्पल मात्र डोक्यातून गेली नाही.

वनहक्काचा नवा कायदा आला आणि ग्रामसभेला सीताफळं तोडून विकायचा हक्क लेखी मिळाला. कागद मीच मोठ्यानं वाचला. दुसऱ्या दिवशी वनरक्षक म्हणाला, "तोडा की. पण खाली न्यायला वाहतुकीचा पास लागतो, तो जालन्याला." तपासणीचा नमुना म्हणून दोन पाट्या नेण्यापुरती चिठ्ठी त्यानं दिली. विकायची परवानगी नव्हती.

इकडे फळांनी डोळे उघडले होते. खवल्यांमधल्या फटी पांढुरक्या झाल्या की आमच्याकडे असं म्हणतात. मग चार-सहा दिवसांत तोडलं नाही तर फळ झाडावरच फुटतं. म्हणजे सगळ्या वाडीचा हंगाम त्या पासावर अडला होता.

मायनं पाट्या भरल्या. तळाला पळसाची पानं, त्यावर परवा पिकणारी फळं, मध्ये उद्याची, वर आजची. ती फळ दाबून बघत नाही, नुसते डोळे बघते.

"एका दिवसाचं काम हाय, तीन थर कशाला?" मी म्हणाले.

"तू शिकलीस, पण कचेऱ्या म्या जास्ती पाह्यल्या."

राजूरला गणपतीच्या दर्शनाच्या गर्दीत एस.टी. मिळाली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, पाट्या टपावर टाका."

"टपावर उन्हानं उद्याची आजच पिकतील. मांडीवर घेते."

"दोन्ही?"

"एक माझ्या, एक बी.ए.च्या."

गाडीत हशा पिकला. मीही हसले. बाहेर काळी रानं, कपाशीची बोंडं नुकती उकलू लागलेली. जालना येईपर्यंत माझे पाय बधिर झाले.

कचेरीत साहेब दौऱ्यावर गेले होते. "उद्या या." पाच वाजेपर्यंत बाकावर बसलो. मुक्कामाला बदनापूरला मावशीकडे गेलो. तिनं पिठलं, भाकरी, ठेचा वाढला. वरचा थर पिकला होता. तो शेजारपाजारच्यांना वाटला. सगळे म्हणाले, साखर आहे साखर.

सकाळच्या रेल्वेनं नोकरदारांबरोबर पुन्हा जालना. डब्यात एकानं पाटीत डोकावून विचारलं, "काय भाव?"

"विकायचे न्हाईत."

"मंग काय मिरवून राह्यल्या का?"

मायनं पाटीवर पदर ओढला. जन्मभर दुसऱ्याची फळं तोडली, आता स्वतःची मांडीवर होती आणि भाव सांगता येत नव्हता.

त्या दिवशी साहेब होते, पण कारकुनानं कागद परत केला. "पासाच्या नमुन्यात व्यक्तीचं नाहीतर ठेकेदाराचं नाव लागतं. ग्रामसभेला रकानाच नाही."

"मग आम्ही काय करायचं?"

"ठेकेदाराच्या नावानं करून घ्या. जल्दी होईल."

मी नाही म्हणाले. तोवर मधल्या थराचा रस पाटीतून बाकावर उतरला होता. शिपाई ओरडला, "ओ बाई, मुंग्या लागल्या ना इथं!"

"आमचं काम करा, मुंग्या जातील," मी म्हणाले. काम झालं नाही.

तिसऱ्या दिवशी मायनं पाटी उचलून थेट साहेबांच्या टेबलावर ठेवली. "सायेब, ह्यो शेवटचा थर. उद्या दाखवायला काई न्हाई. डोंगरावर बी न्हाई."

साहेब कारकुनाकडे बघू लागले. कारकून म्हणाला, "रकाना नाही, साहेब."

मी पिशवीतून फूटपट्टी काढली. कॉलेजपासून ती माझ्या पिशवीत असायची. "रकाना नसेल तर आखा. आखता येत नसेल तर मी आखून देते."

साहेबांनी फूटपट्टी घेतली, स्वतः दोन रेघा ओढल्या आणि ग्रामसभेचं नाव लिहून सही केली. पाच मिनिटं लागली. तीन दिवस जे होत नव्हतं ते पाच मिनिटांत झालं, याचा मला आनंद झाला नाही, संताप आला. तो अजून गेलेला नाही.

शेवटचा थर आम्ही मोंढ्याबाहेर (बाजारपेठेबाहेर) विकला. पहिल्या गिऱ्हाइकाला भाव सांगताना मायचा आवाज इतका मोठा निघाला की तीच दचकली.

परतलो तेव्हा अर्धा डोंगर फुटला होता. झाडाखाली फळांचा सडा, त्यावर पाखरं आणि माश्या. बाया पाट्या रिकाम्या घेऊन वाटेवर बसल्या होत्या. कुणी आम्हाला बोल लावला नाही, तेच जास्त लागलं. मायनं पदराला हात पुसून पास त्यांच्यापुढं धरला आणि म्हणाली, "ऱ्हायलेलं आपलं हाय. उठा."

आता दर वर्षी ग्रामसभेच्या नावानं पास मिळतो. डोंगराचा लिलाव बंद झाला. आमच्या वाडीत कुठल्याच बाईला ओटा सोडून दाखवावा लागत नाही.