मानसिंगदादाचा फ्री बॉल

कोऱ्हाळ्याच्या मानसिंगनं बंगल्याच्या गच्चीवर पत्र्याचं शेड ठोकून स्नूकरचं टेबल मांडलं, तेव्हा त्याला काठी कुठल्या टोकानं धरायची हेही ठाऊक नव्हतं. पण टेबल त्याचं, चहा त्याचा, त्यामुळं जिंकायचाही तोच. बावड्याची त्याची मामेबहीण उत्कर्षा पुण्यात शिकताना हा खेळ खेळलेली. दिवाळीला आली, की त्याचा खेळ बघून तिला किळस यायची. त्याहून जास्त किळस दीपकची. दीपक म्हणजे मानसिंगचा मेहुणा, प्रत्येक फटक्याला "व्हय दाजी" म्हणणारा.

यंदा ती स्वतःच खेळायला उभी राहिली. शेवटचे तीन लाल चेंडू कोपऱ्यात उरले होते. तिनं पांढरा चेंडू हळूच नेऊन तपकिरीच्या आड लपवला. आता आधी लालच मारायचा होता, पण मानसिंगला एकही लाल सरळ मारता येईना.

"फ्री बॉल!" तो ओरडला.

"कसला फ्री बॉल? माझा फाऊल कुठं झालाय?"

"मी अडकलोय न्हवं?"

"अडकवलंय तुला. त्यालाच स्नूकर म्हणतात. समोरच्यानं फाऊल केला आणि वर तू अडकलास, तरच फ्री बॉल. नुसतं अडकल्यावर टेबलाच्या कडेच्या कुशनला लावून लाल गाठायचा."

"माझ्या घरात मला शिकवती व्हय!"

त्यानं खुशाल निळा मारून मधल्या खिशात घातला. दीपकनं टाळ्या वाजवल्या. पांढरा घरंगळत काळ्यामागं जाऊन थांबला.

उत्कर्षानं निळा काढून जागेवर ठेवला. "लाल सोडून निळा मारलास. फाऊल, निळ्याचे पाच गुण मला. आणि आता काळ्यामुळं मला एकही लाल दिसत नाही. हा खरा फ्री बॉल, आता कुठलाही चेंडू लाल धरता येतो. गुलाबी घेते, लालच्या जागी."

गुलाबी खिशात गेला.

"सहा गुण!" दीपकच्या तोंडून निसटलं.

"एक. लालच्या जागी घेतलाय, म्हणून लालचाच एक गुण."

मानसिंग खदखदून हसला. "सहाचा माल एकात? असला कसला येडा कायदा!"

त्या हसण्यात एवढा निर्मळ अडाणीपणा होता, की तिचा रागच गेला. राग माणसावर धरायचा, ह्याच्यावर काय धरायचा? उरलेले चेंडू तिनं एकामागून एक घातले आणि डाव जिंकला.

"टेबलच वाकडं हाय," मानसिंग म्हणाला.

"व्हय दाजी," दीपक म्हणाला.

ती हात धुऊन खाली जेवायला गेली. आता ती बारामतीतल्या क्लबात खेळते. मानसिंग रोज गच्चीवर जिंकतो.