टोपी उलटी, इंजिन कोरडं

दवाखान्याच्या माळ्याला सगळे फटफट्या म्हणत. गवत कापायचं यंत्र फटफटलं, की अख्ख्या आवाराला कळायचं, स्वारी कामाला लागली. पंधरा वर्षं ते यंत्र त्यानं तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. पण गेल्या महिन्यात साहेबांनी बजावलं होतं, "आता हे एकदा जरी बंद पडलं, तरी काम ठेकेदाराला देणार. मग तुम्ही घरी आराम करा." आराम हा शब्द फटफट्याला शिवीसारखा झोंबला.

म्हणून त्या दिवशी त्यानं यंत्राची साग्रसंगीत देखभाल काढली. प्लग तारेच्या ब्रशानं घासला, हवेच्या गाळणीचा स्पंज साबणानं धुतला, पात्याला चिकटलेलं गवत खरवडलं. इंजिन कोमट असतानाच जुनं तेल काढलं आणि लगेच डोक्यावरची टोपी उलटी केली, शिवण बाहेर. ही त्याची जुनी खूण. टोपी उलटी, म्हणजे इंजिन कोरडं. नवं तेल ओतल्याशिवाय ती सुलटी करायची नाही. आठवण ठेवायचं काम त्यानं टोपीला दिलेलं, डोक्याला नव्हे!

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. "झालं का माझ्या सवतीचं न्हाणंधुणं?"

"होतंय. तू जळू नकोस."

टोपी बाकावर ठेवून तो नळावर हात धुवायला गेला. नवऱ्याची टोपी उलटी बघून ती माउली कळवळली. लोक काय म्हणतील! तिनं टोपी झटकली, सुलटी करून ठेवली. मग दोघं जेवली, लेकीच्या सासरच्या गोष्टी निघाल्या, त्यात बराच वेळ गेला.

उठताना त्यानं टोपी घातली, सवयीनं कडेवरून बोट फिरवलं. शिवण लागली नाही. म्हणजे तेल भरलेलं! त्यानं प्लग बसवला, दोरी ओढली. यंत्र दोन-तीन मिनिटं फटफटलं, मग किंचाळलं आणि थांबलं. दोरी पुन्हा तसूभर हलेना.

तेल मोजायची पट्टी बाहेर काढली, तर ती कोरडी ठणठणीत. त्याचा हात डोक्याकडे गेला, नजर बायकोकडे. क्षणात सगळा उलगडा झाला.

"काय झालं हो?" ती धावत आली.

"तेल भरायचं विसरलो."

"अगंबाई! इतकी वर्षं जपलंत, आणि आज डोकं कुठं ठेवलं होतंत?"

त्यानं पट्टी पुसून परत जागेवर बसवली. साहेब आले, तेव्हा तीच हात जोडून पुढं झाली. "आताशा विसरतात हो हे. वय झालंय, सांभाळून घ्या."

साहेब म्हणाले, "मग तर आरामच बरा."

फटफट्यानं मान डोलावली आणि शेडची किल्ली साहेबांच्या हातात दिली.