विंचू, आबा आणि माझा मेडिकलचा अर्ज

आता डॉक्टरांचा विषय तुम्हीच काढलात, तर सांगून टाकतो. मीसुद्धा डॉक्टर व्हायचा होतो! हसताय काय? खरंच. एक पाय दारात होता, आणि मग जे झालं ते… थांबा, आधी चहा संपवा. हा किस्सा घोट तोंडात असताना ऐकला की शर्टाची वाट लागते.

दुष्काळाची वर्षं होती ती. आमचं गाव श्रीगोंद्याच्या अलीकडे. बी.एस्सी.ला मला सेकंड क्लास मिळाला आणि मेडिकलच्या यादीत माझं नाव शोधायला भिंग घेतलं तरी सापडेना. तेव्हा आमचे झूलॉजीचे सर म्हणाले, "एका कॉलेजात पदवीधरांसाठी मूठभर जागा असतात. तिथे मुलाखत घेतात. तू एम.एस्सी. कर, अर्जाला वजन येईल."

झालं! पुण्यात खोली घेतली आणि एम.एस्सी.ला बसलो. अभ्यासाला विषय मिळाला विंचू. दोन वर्षं मी विंचू चिरले. फॉर्मॅलिनच्या बरणीतून काढायचा, ट्रेमध्ये टाचण्या मारून बसवायचा, आणि कापायचा. माझ्या शर्टांना असा वास यायचा की एस.टी.त शेजारची जागा कायम रिकामी. एवढं सगळं कशासाठी? तर त्या एका अर्जासाठी. वयाची अट होती, त्यामुळे संधी एकच. हुकली की कायमची.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे समजावताना मात्र माझी दमछाक झाली.

"अर्जाला वजन म्हंजी रं?"

"म्हणजे आबा, नुसत्या मार्कांवर नाही घेत. आपल्या मागे आणखी काहीतरी दिसायला लागतं."

"मागं दिसाया लागतं," आबांनी मान हलवली. "आस्सं."

ते 'आस्सं' मला तिथेच खटकायला हवं होतं. पण मी शिकलेला माणूस ना!

परीक्षेच्या आधी महिनाभर मी गावी आलो. गावाशेजारी दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडणं चाललं होतं. एका दुपारी आरडाओरडा झाला. माझी ठकूआत्या, आबांची सख्खी बहीण, दगड उचलायला गेली आणि तिच्या पायाला विंचू चावला. मी धावलो. विंचू तिथेच मारून ठेवला होता. चांगला मोठा, काळाकुट्ट. मला हायसं वाटलं. आमच्याकडचा हा काळा दुखवतो भरपूर, पण जीव घेत नाही. थोड्या वेळानं आपोआप उतरतो.

पण हे आत्याला कोण सांगणार? ती "मेले, मेले" करत लोळत होती. मी तिला झाडाखाली बसवलं, माश्या वारायला कडुनिंबाचा डहाळा हातात घेतला, आणि तिला धीर यावा म्हणून सारखं विचारत राहिलो, "आत्या, आता कुठवर दुखतंय?"

"मांडीपोतर!"

मधल्या वेळात माझ्या तोंडून आपसूक उजळणी चालू झाली. परीक्षा उशाशी आलेली. फायलम आर्थ्रोपोडा, क्लास अ‍ॅरॅक्निडा, ऑर्डर स्कॉर्पिओनिडा, जीनस पॅलॅम्नियस…

"आता कुठवर?"

"गुडघ्यापोतर आलंय रं!"

फायलम आर्थ्रोपोडा…

"आता?"

"घोट्यापाशी हाय. उतरला गं बया!"

आता मला सांगा, आमच्या भागात विंचू उतरवणारा मांत्रिक दुसरं काय करतो? हातात डहाळा, तोंडात पुटपुट, आणि 'कुठवर आलंय' हा सवाल! भोवती जमलेल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. आत्यानं कनवटीचा रुपया काढला, तो मी घेतला नाही. आत्याकडून कसला घेतोय? पण मांत्रिकही पैसे घेत नाही, घेतले तर मंत्राचा गुण जातो म्हणतात. झाली खात्री!

"पैशे शिवला न्हाई," आत्या गावभर सांगत सुटली. "पुन्याला जाऊन इंचवाचा मंतर शिकलाय पोरगा. दोन वर्षं बसलाय त्याच्यावर!"

खडीच्या दगडाखाली विंचवांना काय तोटा? त्या महिन्यात कितीतरी जण माझ्याकडे आले. तेवढं एक मी सांभाळलं, की आधी विंचू बघायचा. काळा असला तर बसवायचं, तांबडा दिसला की बैलगाडी जुंपून सरळ दवाखान्यात. सगळ्यांना सांगून टाकायला हवं होतं की बाबांनो, मंत्रबिंत्र काही नाही. पण खोटं कशाला बोलू? मला गोड वाटायला लागलं होतं. म्हातारीकोतारी माणसं "डाक्टर" म्हणून हाक मारत होती. प्रवेशाआधीच!

मग एम.एस्सी. झालं, अर्ज गेला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं.

मी पुण्याला एकटाच गेलो. निदान मला तसं वाटत होतं. आत टेबलामागे तीन डॉक्टर. मधले अध्यक्ष जाड चष्म्याचे, मिशीखाली हसू नाही. त्यांच्यापुढे माझा अर्ज.

"एम.एस्सी. झालात. मग आता पुन्हा पहिल्या वर्षात कशाला बसता?"

या प्रश्नाचं उत्तर मी घोटून ठेवलं होतं. छाती काढून सुरू झालो, "सर, आमच्या भागात आजही विंचू चावला की लोक मांत्रिकाकडे धावतात. हे अज्ञान दूर करायला गावात शिकलेला डॉक्टर…"

तेवढ्यात बाहेर गलका झाला, शिपाई "अहो, अहो" करत राहिला, आणि दार उघडून आत आले आमचे आबा! डोक्याला फेटा, मागे ठकूआत्या, आणि त्यांच्या मागे व्हरांड्यात निम्मं गाव. कारखान्याचा उसाचा रिकामा ट्रक घेऊन आले होते सगळे.

आमच्याकडची रीतच आहे ती. सोयरीक असो, वाटणी असो, महत्त्वाच्या कामाला माणूस एकटा जात नाही, चार माणसं बरोबर घेतो. आणि मीच सांगितलं होतं ना, मागे काहीतरी दिसायला लागतं म्हणून? आबांनी गाव आणून मागे उभं केलं!

"रामराम मंडळी," आबा म्हणाले. "ह्यो आमचा पोरगा. इचारा ह्या लोकांस्नी त्याचा गुन."

आत्या पुढे सरसावली. "माजा इंचू ह्यानंच उतरवला बगा! निस्त्या मंतरानं!"

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "कोणता मंत्र?"

मला वाटलं, जमीन दुभंगावी. पण जमीन पुण्याची, ती कशाला माझ्यासाठी दुभंगते?

"मंतर इचारू ने डाक्टर," आत्यानं त्यांनाच दटावलं. "सांगितला की गुन जातो."

"बरं, ऱ्हाऊ द्या मंतर," आबा म्हणाले. "आमी बैल घेताना दात बगतो, पर औताला जुंपून बघितल्याबिगर पैशे देत न्हाई. तुमीबी जुंपून बगा." असं म्हणून त्यांनी कोपरीच्या खिशातून तंबाखूची डबी काढली आणि टेबलावर ठेवली. "ह्यात इंचू हाय. मी बोट घालतो. पोरगा उतरवील."

आबांनी झाकण उघडलं आणि मला आत शेपटी दिसली. काळी नव्हे. बारीक, तांबडी. माझा बाप माझ्या अर्जासाठी त्या डबीत बोट घालायला निघाला होता, आणि त्याला ठाऊकच नव्हतं की हा मंत्रानं उतरणारा नव्हे!

"आबा, नको!" मी किंचाळलो आणि डबीला फटका मारला.

डबी उडाली आणि विंचू पडला टेबलावर, बरोबर माझ्या अर्जावर. पुढच्या क्षणी तिन्ही डॉक्टर खुर्च्यांवर उभे. त्यांना काय हसता, चौथ्या खुर्चीवर मी होतो!

"धरा की तो!" अध्यक्ष वरून ओरडले. "विंचवाचे एम.एस्सी. ना तुम्ही?"

"सर," मी वरूनच म्हणालो, "माझा अभ्यास मेलेल्या विंचवांवर झालाय!"

आत्यानं पायातली वहाण काढली आणि एकच हाणली. अर्जावर असा काही डाग पडला की माझं नावही वाचता येईना.

सगळे खाली उतरल्यावर अध्यक्षांनी विचारलं, "हा चावला असता, तर उतरवला असता?"

"नाही सर. याला दवाखानाच लागतो. आणि काळा असतो, तो आपोआपच उतरतो."

"हे मघाशी गाववाल्यांना का नाही सांगितलंत?"

मी अर्जावरचा मेलेला विंचू झटकायला लागलो. त्यांनी शिपायाला खूण केली, पुढचा उमेदवार आत आला.

त्याच ट्रकमधून आम्ही परत निघालो. दोन वर्षांचा अभ्यास, एकुलती एक संधी, सगळं वहाणेखाली गेलं होतं. माझे डोळे भरून आले. घोड नदी ओलांडल्यावर आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"औताला न्हाई चालला म्हून कोन बैल खाटकाला देतं व्हय रं? गाडीला चालंल."

आणि चाललो की! श्रीरामपूरला कॉलेजात झूलॉजी शिकवायला लागलो, ते निवृत्त होईपर्यंत. मजेत गेली सगळी वर्षं. माझ्या हाताखालून किती पोरं मेडिकलला गेली! त्यांतलाच एक आमच्या गावच्या दवाखान्यात डॉक्टर होऊन आला.

नेमका तेव्हाच, एका सुट्टीत, गावी गोवऱ्या काढताना मला पायाला विंचू चावला. काळाच होता. जीनस पॅलॅम्नियस! मला सगळं माहीत होतं, आपोआप उतरतो, जीवाला धोका नाही. पण अहो, दुखतं किती! मी दवाखान्याच्या खाटेवर असा ओरडत होतो की बाहेरची कुत्री भुंकायची थांबली.

"सर, काळा आहे," डॉक्टर हसत म्हणाला. "तुम्हीच शिकवलंय. दुखणं कमी व्हायला इंजेक्शन देतो."

"दे रे दे! पण आधी आत्याला बोलव. म्हणावं, डहाळा घेऊन ये."

आत्या आली, काठी टेकत. खाटेशी बसली आणि पायावरून डहाळा फिरवायला लागली. "मला कुटं मंतर येतो? पर बाळू, कुटवर आलंय रं?"

"गुडघ्यापर्यंत," मी कण्हत सांगितलं.

"आता?"

"पोटरीपाशी…" आणि काय सांगू तुम्हाला, खरंच उतरायला लागला!

डॉक्टर सुई हातात धरून तसाच उभा. "सर, मग मी एवढा डॉक्टर कशाला झालो?"

मी डोळे न उघडता म्हणालो, "तुला मार्क होते बाबा. मला आत्या होती."