आठव्या खुर्चीचं कव्हर

गावातल्या बाया हंडाभर पाण्यासाठी एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या, त्या उन्हाळ्यात मी प्यायच्या पाण्यात खुर्च्यांची कव्हरं धुतली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. धुताना जे बिघडलं त्याचा दोष मी एका बाईच्या नजरेवर ढकलला. ती बाई आजही माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहते, आणि अजून माझ्या शब्दावर विश्वास ठेवते.

वडवणीच्या अलीकडं आमचं गाव. तिथं बायकांची शिवणकामाची सहकारी संस्था होती, मी तिचा सचिव. संस्था बायकांची असली तरी लिहायला-वाचायला एक पुरुष ठेवायची पद्धत होती, आणि गावात शिकून घरी बसलेला मीच होतो. शाळेचे गणवेश, पिशव्या, लहान मुलांची झबली असं काम चालायचं. कशिदा येणारी एकटीच होती, विहारामागं राहणाऱ्या काकू. आमचं नातं काही नव्हतं, पण माझ्या आईबरोबर त्यांनी रोजगार हमीवर खडी फोडली होती, तेव्हापासून त्या काकू. संस्थेची खोली म्हणजे बंद पडलेलं रेशन दुकान. एक दार, वर एक झरोका, कोपऱ्यात मोरी. मोरीचं पाणी भिंतीतल्या भोकातून दारापुढच्या पायरीशेजारीच बाहेर पडायचं.

त्या खोलीत गेवराईहून टेम्पोनं आठ खुर्च्या आल्या. जेवणाच्या टेबलाच्या. टेबल काही आलं नाही. सागवानी, उंच पाठीच्या, आणि बैठकीवर कशिद्याची कव्हरं. काळपट जाड कापडावर लाल रेशमानं भरलेली डाळिंबाची फुलं. मालकीणबाईंना सगळे आपा म्हणायचे. त्यांचे वडील निजामशाहीत अंमलदार होते, घरी जेवायला बडे लोक यायचे, म्हणून आपांच्या आईनं आणि खालानं, म्हणजे मावशीनं, मिळून ती कव्हरं भरली होती. आता फुलं जागोजाग उसवली होती, पाकळ्यांतून खालचं कापड दिसत होतं.

खुर्च्या खोलीत मांडल्या त्या दिवशी मशीनवाल्या बायांनी धुमाकूळ घातला. एक जण पदर सावरून खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "आगं ए, पुलाव वाढ की."

"आदी पानी आन बाई," दुसरी म्हणाली. "पुलाव काय तुज्या घामात शिजवू?"

आपा दारात उभ्या राहून हसत होत्या. जाताना मात्र त्यांनी मला बाजूला घेतलं. "देखो सचिवसाब, नवं करू नका. हायत तशी टिकवा. माझ्या अम्मीनं कधी पाण्यात घातली न्हाईत. रिठ्याच्या ओल्या फडक्यानं नुस्तं पुसायची."

मी मान डोलावली.

काकूंनी एकेक खिळा पकडीनं काढून कव्हरं सोडवली. मऊ कुंचल्यानं धूळ झाडली, मागून मलमलीचा अस्तराचा तुकडा लावला, आणि जिथं रेशीम झिजलं होतं तिथं नव्या दोऱ्यानं पाकळ्या भरायला घेतल्या. दोरा आणायला त्या स्वतः एसटीनं बीडला गेल्या. दुकानदारानं वैतागून विचारलं म्हणे, "लगीन हाय का मयत, एवढं काय बघताय?" काकू दुकानाच्या बाहेर उन्हात येऊन एकेक लड जुन्या फुलाला लावून बघत होत्या. शेवटी पक्क्या रंगाचा, जरा चमक असलेला सुती दोरा घेऊन आल्या. पहिलं कव्हर पुरं झालं तेव्हा मी बोट ठेवून नवी पाकळी शोधायला लागलो. सापडली नाही.

"कावून शोधताय?" त्या म्हणाल्या. "मलाच आता सापडत न्हाई."

त्याच दिवशी सुई केसात खोचत त्यांनी मला सांगितलं, "ऊसतोडीचा मुकादम दारात येऊन बसायला लागलाय, भाऊ. ह्या खुर्च्या नीट झाल्या तर आपा बीडातल्या चार घरी सांगणार हायत. मंग औंदा कोयता न्हाई. पोरगी साळंत ऱ्हाईल." त्यांची मुलगी तेव्हा सातवीत होती. आईबाप ऊसतोडीला गेले की अशा मुली फडावर जातात आणि शाळा सुटते, हे आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आठही कव्हरं भरून झाली. काम चांगलं झालं होतं. तिथंच थांबायला हवं होतं. पण मला ती कव्हरं मळकट वाटायला लागली. आपा खुर्च्या बघून हरखल्या पाहिजेत, बीडच्या लोकांनी सचिवाचं नाव काढलं पाहिजे, असं माझ्या डोक्यात शिरलं. काकूंना न विचारता मी ती धुवायचं ठरवलं.

पाणी टँकरचं. शेजारच्या तांड्यावर जुलाबाची साथ आली होती, म्हणून ग्रामपंचायतीचा शिपाई टँकरमध्येच ब्लीचिंग पावडर ओतायचा, तीही अंदाजपंचे. भांडं तोंडाशी नेलं की डोळे चुरचुरायचे. घरोघर ते पाणी उघडं ठेवत आणि वास उडाला की पीत. मलाही ते ठाऊक होतं. पण उघडं ठेवलेलं पाणी दिसतं, दिसलं की कुणीतरी मागतं, आणि हे खुर्च्यांसाठी राखलंय असं म्हणायचं तोंड मला नव्हतं. म्हणून टँकर आला त्याच दुपारी, मशीनवाल्या बाया घरी गेल्यावर, मी दाराला आतून कडी घातली. संस्थेच्या पिंपातलं निम्मं पाणी टबात ओतलं. टबात सातच कव्हरं मावली. आठवं मागनं धुऊ म्हणून कपाटावर ठेवलं.

दोनदा बुचकळून लगेच काढायचा विचार होता. तेवढ्यात पायरीवर चपला वाजल्या.

"सचिवभाऊ, हायत का?" काकूंचा आवाज. कडी हलली. "पिंपातलं हंडाभर मिळंल का? सासूबाईला ताप हाय, रांगंत आमचा नंबर आला न्हाई."

मी हललो नाही. पिंप माझ्या हाताशी होतं. उत्तर दिलं असतं तर दार उघडावं लागलं असतं, आणि दार उघडलं असतं तर टब दिसला असता.

त्यांच्याबरोबर आणखी एक बाई होती. तिचा आवाज मी ओळखला, पुलाव मागणारी. "न्हाई गं, तो गेला आसंल मांजरसुंब्याला. ढाब्यावर भजी हानत बसला आसंल."

"न्हाई जायचा. कडी आतून हाय."

"मंग झोपला आसंल तुज्या खुर्च्यांवर. आठ हायत, बदलून बदलून झोपत आसंल मेला."

दोघी हसल्या. मग काकू म्हणाल्या, "बसू जरा. उठंल." आणि त्या पायरीवर बसल्या.

मी टबापाशी उकिडवा बसून होतो. कव्हरं उपसावीत तर पाण्याचा आवाज होणार. पाणी मोरीत सोडावं तर ते भिंतीतल्या भोकातून नेमकं त्या दोघींच्या पायाशी जाणार, आणि त्या उन्हाळ्यात वाहतं पाणी बघून सगळी आळी गोळा झाली असती. वासानं डोळ्यांतून पाणी येत होतं. शिंक येऊ नये म्हणून मी नाक दाबून धरलं. टबातलं पाणी हळूहळू तांबूस होत होतं. मी ते बघत होतो आणि मळ निघतोय अशी स्वतःची समजूत घालत होतो. बाहेर काकू दुसरीला सांगत होत्या की पोरीला आठवीत वडवणीच्या शाळेत घालायचंय, तिला सायकल लागंल.

बराच वेळ गेला. शेवटी पुलाववाली म्हणाली, "चल, मळ्यातल्या बोरवर जाऊ. हा मुडदा काय उठत न्हाई." ऊन उतरायला लागलं होतं. त्या मळ्यापर्यंत जायचं म्हणजे ओढा ओलांडून टेकाड चढायचं. रिकामा हंडा भिंतीला घासत गेला तो आवाज माझ्या कानांत अजून आहे.

कव्हरं बाहेर काढली तेव्हा डाळिंबाचं लाल गेलं होतं. जुनी रेशमी फुलं फिकी, पिवळट, वाळक्या पालापाचोळ्यासारखी झाली होती. आणि त्यांच्यामध्ये काकूंनी भरलेल्या पाकळ्या जशाच्या तशा लाल. पक्का रंग तो, पावडरीला बधला नाही. जे बोटानंही सापडत नव्हतं ते आता दारातून दिसत होतं, मारल्यावर वळ उठावेत तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आल्या, वाळत घातलेली कव्हरं बघितली आणि खाली बसल्या. मी काय बोलणार ते रात्रभर जुळवून ठेवलं होतं.

"हलकंसं पुसलं, काकू," मी म्हणालो. "मळ निघाला. खाली खरा रंग फिकाच होता. तुम्ही मळलेल्या रंगाशी दोरा जुळवला."

त्यांनी एक कव्हर उचललं, झरोक्याच्या उजेडात धरलं. मला वाटलं आता वास घेतील. नाकाशी नेलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. त्यांनी नेलं नाही. "म्हंजी माझी नजर चुकली," त्या म्हणाल्या. "उन्हात धरून बघितलं हुतं की, भाऊ. तरी चुकली."

मी म्हणालो, "होतं असं."

या दोन शब्दांपेक्षा वाईट मी आयुष्यात काही बोललो नाही.

आठवं कव्हर कपाटावरच होतं. त्यात जुनं आणि नवं लाल एकजीव होतं. ते कुणीही बघितलं असतं तर काकूंची नजर किती खरी होती ते कळलं असतं. काकूंनी विचारलं, तेव्हा ते उंदरांनी कुरतडलं, फेकून दिलं, असं मी सांगितलं. आपांनाही तेच सांगितलं.

आपा आल्या तेव्हा काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. आपांनी सातही कव्हरं बघितली. ओरडल्या नाहीत. "ये तो दाग लग गये," एवढंच आधी म्हणाल्या. मग काकूंकडं वळून, "बाई, तुमी तर म्हनत हुता रंग मिळालाय."

"चुकलं, आपा," काकू म्हणाल्या. "माझी नजरच कच्ची हाय."

मी मध्ये उभा होतो, हातात पकड घेऊन. बोलायची तीच वेळ होती. आपा वाट बघितल्यासारख्या माझ्याकडं बघतही राहिल्या. मी म्हणालो, "टेम्पो बोलवू का?"

खुर्च्या परत गेल्या. बीडातून कुणाचं काही आलं नाही. काकूंनी सुई पुन्हा हातात धरली नाही. मशीनवरही रंगीत कापड आलं की त्या शेजारणीकडं सरकवायच्या, "तू बघ गं, मला दिसत न्हाई." दिवाळीनंतर त्यांची गाडी भरली. वर बसलेल्या मुलीच्या मांडीवर दप्तर नव्हतं, भाकरीचं गठुडं होतं. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. काकू वरून म्हणाल्या, "संस्था सांबाळा, भाऊ." संस्था नंतर फार चालली नाही.

आपा आता नाहीत. त्यांच्या मुलाच्या घरी एका लग्नानिमित्त गेलो होतो, तेव्हा त्या खुर्च्या पाहिल्या. टेबलाभोवती सात, फिक्या फुलांत लाल ठिपके घेऊन. आठवी भिंतीला लावलेली, बैठकीवर घडी केलेला टॉवेल. मला जेवायला बसवलं तेव्हा मी टॉवेलाची खुर्ची ओढून घेतली. सगळ्यांना तो माझा विनय वाटला.

मधल्या काळात काकूंना खरं सांगायचं मी कितीदा ठरवलं आणि सोडून दिलं, ते सांगण्यात अर्थ नाही. गेल्या महिन्यात मात्र वेगळंच झालं. काकूंची नात, म्हणजे त्याच मुलीची मुलगी, सुट्टीला आजीकडं आली होती. मी सहज दारावरून जात होतो, तर तिनं मोबाइलमधला कशिदा आजीपुढं धरला होता. "आज्जी, मला हे शिकव ना. आई म्हणती तुला येतं."

"मला रंग कळत न्हाईत, बाळा," काकू म्हणाल्या. "एकाच्या लई मोलाच्या खुर्च्या खराब केल्या म्या. ह्यांनाच इचार, ह्यांच्या डोळ्यादेखत झालंय." आणि हसून माझ्याकडं बघितलं.

ती पोरगी मान वर करून माझ्याकडं बघत होती. मी मान हलवली. हो, असं.

घरी आलो, ट्रंकेच्या तळातून आठवं कव्हर काढलं आणि मांडीवर घेऊन बसलो. बोट ठेवून नवी पाकळी शोधली. अजूनही सापडत नाही.

हे लिहून झालं म्हणजे सांगून झालं, असं मी धरत नाही. काकू हे वाचणार नाहीत. ते कव्हर गेवराईच्या आठव्या खुर्चीवर परत बसवायचं आहे. त्याआधी ते काकूंच्या हातात द्यायचं आहे, नातीच्या समोर, आणि त्या दुपारी मी आत होतो, त्यांचा आवाज मी ऐकला होता, त्यांची नजर चुकली नव्हती, हे त्यांच्या तोंडावर सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.