कोकरू दुसरीला लावताना

आठवी सोडून मी माण तालुक्यातून सांगलीकडं आले ती बेदाण्याच्या शेडवर. दिवसभर चाळणीपुढं बसून काड्या वेचायच्या, रात्री पत्र्याच्या खोलीत झोपायचं. विशी ओलांडली त्या वर्षी मला दिवस गेले. ज्याचं होतं तो टेम्पो चालवायचा. कळल्यापासून त्याचा फोन लागेना. घरी सांगायची छाती नव्हती. ओढणी पसरून पोट झाकायचे आणि मनात नदीकाठच्या देवळाची पायरी धरून ठेवली होती. पहाटे तिथं झाडलोट होते, ठेवलेलं बाळ कुणाला तरी दिसेल, एवढाच माझा विचार.

शेडवर एक मावशी यायच्या, पोरींची विचारपूस करणाऱ्या संस्थेतल्या. एकदा बाजूला घेऊन म्हणाल्या, "एवढ्या उन्हात ओढणी कशाला गं? आत बेदाणा वाळत घातलायस का?"

मी हसले आणि हसता हसता रडायला लागले. पायरीचंही सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. दवाखान्यात न्यायच्या, सोबत बसायच्या. बाळंत झाल्यावर ही बाई यायची बंद होईल, याची मला सारखी धास्ती. त्या आल्या.

मुलगी झाली. संस्थेतच राहिले. मावशींनी दोन्ही वाटा सांगितल्या: ठेवायची तर खोली, पाळणाघर, काम बघू, द्यायची तर कायद्यानं, चांगल्या घरी. माझं काही ठरेना. अंगावर दूध नव्हतं, रात्रभर ती रडायची आणि मला पायरीच दिसायची. स्वतःचीच भीती वाटायची.

एका दुपारी माझं मन रमवायला मावशी घरच्या मेंढरांचं विचारत होत्या. "मेंढीला दूधच नसलं, तर कोकराचं काय करता गं?"

"दुसरीला लावतो. जिचं कोकरू मेलंय तिला."

"घेती व्हय ती?"

"आदी लाथा मारती. मग आबा कोकराला धुत्यात, पयल्या आईचा वास जावा म्हून. मग घेती."

"आणि पहिली?"

"वरडती चार दिस, आबा म्हणत्यात."

नको ते विचारलं, असं मावशींना वाटलं असावं. पण माझंच बोलणं मला ऐकू आलं होतं.

बाळ द्यायच्या कागदांवर सही करायची त्या दिवशी सकाळी मी पाणी तापवायला ठेवलं.

"अगं, आत्ताच झाली की अंघोळ तिची. सर्दी हुईल."

"मी घालती परत, मावशी."

मानेच्या वळ्या, कानामागं, मिटलेल्या मुठी उघडून बोटांच्या बेचक्यात, सगळीकडं हात फिरवला. मावशी टॉवेल धरून उभ्या होत्या.

सही केल्यावरही विचार बदलायला मुदत असते. ती संपेपर्यंत मावशी शेडवर येऊन माझ्या चाळणीतल्या काड्या वेचत बसायच्या. विचारायच्या नाहीत.

चांगल्या घरी गेली, एवढं कळलं. थंडी पडली की वाटतं, कानटोपी घालत असतील ना. पायरीवरून जाते तेव्हा ती रिकामी दिसते आणि मावशींना मनात हात जोडते.

आबा म्हणायचे ते चार दिवस मेंढीचे होते.