हात पुढं, तोंड बंद

गिरणीच्या चाळीजवळ नवा डॉक्टर आला की आधी मथुराबाई जाऊन त्याला जोखून येत. पद्धत साधी. दवाखान्यात जायचं, मनगट पुढं करायचं आणि तोंडाला कुलूप! काय होतंय ते डॉक्टरानं नाडीवरून ओळखायचं. "काय होतंय, बाई?" असं ज्यानं विचारलं तो नापास. "आपण सांगितलं की त्यो आपल्या बोलण्याला औषिद देतो, रोगाला न्हाय," असं त्या ठणकावून सांगत. त्यांचे सासरे गावचे वैद्य, ते असेच नाडी बघत म्हणे. चाळीचा म्हातारीवर भरवसा इतका, की तिनं नापास केलेल्या डॉक्टराकडं कुणी साधा खोकलासुद्धा नेत नसे.

बसवराज डॉक्टरांनी नुकताच चाळीसमोर दवाखाना थाटला होता. त्यांना जोखायचं मथुराबाईंच्या मनात होतंच. पण त्या दुपारी त्या गेल्या त्या नातीला, यशीला, उचलून अनवाणी धावत. जेवणाच्या सुट्टीत गिरणीतून घरी आलेली सून रुक्मिणी मागून रडत पळत होती.

पोर बरळत होती. अंग तव्यासारखं तापलेलं, तोंड लालबुंद, जीभ कोरडी ठाक. हवेतलं काहीतरी बोटांनी वेचत होती आणि सख्ख्या आईला बघून किंचाळत होती.

"काही खाल्लं का हिनं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला न्हाय वो ठावं," रुक्मिणी हुंदके देत म्हणाली. "मी आत्ताच आले. आत्याबाई हुत्या घरात."

आणि म्हातारी गप्प! तिनं यशीचं मनगट उचलून डॉक्टरांपुढं धरलं. "तुमीच सांगा की."

आता काय म्हणावं या बाईला? त्यांना ठाऊक होतं हो! उकिरड्याजवळून पोरीला उचललं तेव्हा तिच्या मुठीत धोतऱ्याचं काटेरी बोंड होतं, फुटलेलं. त्यांनीच ते हिसकून फेकलं होतं. पण डॉक्टराला सांगायचं नाही, ही जन्माची सवय. त्यात दारात चाळीतल्या बाया जमलेल्या, शेजारची गुरम्मा सगळ्यांत पुढं. नाडी बोलेल, डॉक्टर ओळखील, असं मथुराबाई मनाशी घोकत होत्या.

डॉक्टरांनी नाडी बघितली, घसा बघितला, मान दाबून बघितली. "ताप मेंदूत चढलाय," ते म्हणाले. "गार पाण्याच्या घड्या ठेवा, औषध देतो." आणि ते कपाटाकडं वळले.

मथुराबाईंना कळलं. चुकला! एरवी त्या ताठ मानेनं उठून चालू लागल्या असत्या. पण आज डॉक्टर चुकला म्हणजे यशी गेली. बोल की गं बये, बोल!

"धोतरा!" त्या एकदम ओरडल्या. "धोतऱ्याच्या बिया खाल्ल्यात तिनं. मी बघितलंय."

डॉक्टर गर्रकन वळले. मग पोट धुवायची नळी आली, पाण्याच्या बादल्या आल्या. पोर गुदमरत होती, पाय झाडत होती, आणि मथुराबाईंनी ते पाय धरून ठेवले होते. सोड गं देवी आई माझ्या लेकराला, मला ने, एवढंच त्या पुटपुटत होत्या. तपकिरी बिया पडल्या, आणखी पडल्या. तरी पोर शुद्धीवर येईना. उन्हं उतरली तेव्हा कुठं यशीनं डोळे नीट उघडले आणि "आये, पानी" म्हणाली.

"वाचली," डॉक्टर घाम पुसत म्हणाले. "बाई, हे आल्या आल्या का नाही सांगितलंत?"

नातीला घ्यायला मथुराबाईंनी हात पुढं केले. रुक्मिणीनं पोरीला उराशी धरून पाठ फिरवली.

"तुमाला ठावं हुतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही की शिवी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी गिरणीत जाताना रुक्मिणीनं यशीला गुरम्माच्या घरी ठेवलं. आजी घरात असताना.