मागच्या बाकाकडे बघणाऱ्या वन्सं

त्या दुपारी मी उखळात शेंगांची चटणी कुटत होते. कॉलेजचा शिपाई मल्लप्पा सायकल दारात आडवी टाकून तसाच आत आला आणि म्हणाला, "वैनी, बाईंना लई बरं न्हाय. वर्गातच खाली बसल्या. चला की लौकर." तिखटाचे हात धुतले की नाही, आठवत नाही. दवाखान्यात पोचले तेव्हा वन्सं गेल्या होत्या. बाहेर व्हरांड्यात त्यांचा अख्खा वर्ग उभा होता. कोणी रडत नव्हतं. एक मुलगी त्यांचा चष्मा दोन्ही हातांत धरून उभी होती आणि तो कोणाकडे द्यायचा हे तिला कळत नव्हतं.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण, कुसुमताई. सोलापुरात एका कॉलेजात त्या संख्याशास्त्र शिकवत. लग्न केलं नव्हतं, आमच्याचकडे राहत. मी लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांची भीती वाटायची. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. पुढे कळलं की ती शिष्टपणाची बाब नव्हती. त्या सतत कोणाकडे तरी बघत असायच्या. जेवताना एखाद्या दिवशी म्हणायच्या, "सुधा, आज पोळ्या फार पातळ झाल्यात. माहेरून पत्र आलं नाही का?" आणि पत्र खरंच आलेलं नसायचं.

मोठ्या दुष्काळाच्या त्या वर्षी त्यांच्या वर्गात एक मुलगी होती. तिचं खरं नाव लिहीत नाही, भाग्या म्हणू. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातली. वडील मागावर, आई विड्या वळायची, आणि घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली ही पहिलीच. वन्सं तिचं भारी कौतुक करायच्या. मग एक दिवस म्हणाल्या, "भाग्या मागे जाऊन बसायला लागलीय." मी म्हटलं, "बसेना का, मैत्रीण असेल मागं." त्या म्हणाल्या, "मैत्रिणींपासूनच उठून गेलीय." पुढच्या आठवड्यात म्हणाल्या, तिची वेणी घातलेली नसते. त्याच्या पुढच्या, तीच साडी, तीच चुरगळलेली. चाचणी परीक्षेत तिनं कोरा कागद दिला. वर नाव मात्र सुंदर अक्षरात लिहिलं होतं. तो कागद बघून वन्संचा चेहरा उतरला. "जिला काहीच येत नाही ती काहीतरी खरडते गं. हिनं सोडून दिलंय," म्हणाल्या.

आणि भाग्या यायचीच बंद झाली. वन्सं प्राचार्यांकडे रजा मागायला गेल्या. प्राचार्य भले गृहस्थ, पण म्हणाले, "बाई, आपण प्राध्यापक आहोत, नातेवाईक नव्हे." वन्संनी उत्तर दिलं, "सर, हजेरी मी घेते. कोण नाही, ते आधी मलाच कळतं ना?" रजा मिळाली.

मला सोबत घेऊन भाग्याच्या घरी गेल्या. पुढच्या खोलीत माग चालू होता, त्याच्या खटखटाटात बोललेलं ऐकू येत नव्हतं. मागच्या अंधाऱ्या खोलीत भाग्या भिंतीकडे तोंड करून निजली होती. आई तेंदूची पानं मांडीवर घेऊन तशीच बसली, हात थांबलेले. वडिलांनी माग बंद केला तेव्हा ती एकदम पसरलेली शांतता मला खटखटाटाहून जास्त असह्य झाली. ते म्हणाले, "बाई, तिला बाहेरचं लागलं. जेवण नाय, बोलणं नाय. आमी तिला देवाला नेणार हाय." मला वाटलं, आता वन्संचं आणि त्यांचं वाजणार. त्या म्हणाल्या, "न्या की. मीही येईन तुमच्याबरोबर. पण आधी तुम्ही माझ्याबरोबर दवाखान्यात चला." वडील खाली बघून म्हणाले, "दवाखान्यात नेलं तर लोकं येडी म्हणतील. लगीन कोण करनार?"  वन्सं फार हळू म्हणाल्या, "लग्नाला मुलगी शिल्लक राहायला हवी ना हो…"

आईला मराठी फारसं कळत नव्हतं. पण ते वाक्य तिला कळलं. तिनं मांडीवरची पानं बाजूला ठेवली आणि उठून मुलीची चप्पल शोधायला लागली.

सिव्हिलमध्ये मनाच्या आजारांचे एक डॉक्टर होते. त्यांच्याकडे भाग्याला नेलं. औषधं सुरू झाली. मागाच्या आवाजात तिला झोप येईना, म्हणून ती आमच्याकडे राहायला आली, ती पावसाळाभर राहिली. हे सगळं ऐकायला गोड वाटतं, प्रत्यक्षात गोड नव्हतं. ती दिवसदिवस न बोलता बसायची. ताट समोर ठेवलं तर ताटाकडे बघत राहायची. माझं पहिलं मूल तेव्हा रांगत होतं आणि माझा जीव मेटाकुटीला यायचा. यजमान रेल्वेत कारकून, कामावरून दमून येत, ते चिडून म्हणायचे, "ताई, घराची धर्मशाळा केलीस." शेजारणी विचारायच्या, "कोण हो ती? अशी काय बघते?" मी एकदा वन्संना विचारलं, "हिला झालंय तरी काय? कोणी फसवलं का? घरात मारतात का?" त्या म्हणाल्या, "मीही डॉक्टरांना तेच विचारलं. ते म्हणाले, ताप येतो तेव्हा आपण तापाला विचारतो का, कोणावर रागावून आलास म्हणून?"

मग एका सकाळी भाग्यानं माझ्या हातातलं सूप ओढून घेतलं आणि तांदूळ निवडायला बसली. त्या दिवशी वन्सं कॉलेजला उशिरा गेल्या.

भाग्या वर्ष गमावून पास झाली, तिसऱ्या वर्गात. वन्संनी तिच्या एम.एस्सी.ची स्वप्नं पाहिली होती. ती त्यांनी गुपचूप मिटून ठेवली. पुढे तिचं लग्न भिवंडीत झालं. तिथं पुन्हा एकदा तिचं दुखणं उलटलं, सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं, आणि वन्सं पुन्हा त्या खटखटणाऱ्या घरी गेल्या. आता ती बरी आहे. बरी म्हणजे… औषध घेते, दोन मुलांचं करते, हसते. वन्संच्या दहाव्याला आली होती. माझ्याजवळ बसून राहिली.

भाग्यानंतर वन्संचं नाव झालं. कोणी उदास दिसलं की मुलंच त्याला आमच्या दारात आणून सोडत. कॉलेजातले सहकारी अर्धवट थट्टेनं म्हणायचे, बाई फळ्याकडे पाठ करून शिकवतात, मागच्या बाकाकडे बघत. वन्संना त्याचा थोडा अभिमानही होता, असं मला वाटतं. आणि त्याच दिवसांत जेऊरचा एक मुलगा गेला.

त्याचं नाव मी लिहिणार नाही. तो पहिल्या बाकावर बसायचा. गॅदरिंगमध्ये सगळ्या प्राध्यापकांच्या नकला करायचा, वन्संची तर त्यांच्यासमोर केली होती, आणि आम्ही वन्संना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. रविवारी जेवायला यायचा, आमचा रेडिओ बिघडला की उघडून बसायचा. त्या शेवटच्या रविवारीही आला. आपला स्वेटर एका मित्राला देऊन टाकला म्हणाला, पुस्तकं दुसऱ्याला. आमच्या मुलासाठी स्वतःचा कॅरमचा स्ट्रायकर घेऊन आला होता. मी म्हटलं, "अरे, तू कशानं खेळणार?" "मला काय वैनी, कुनाचाबी चालतोय की," म्हणाला आणि हसला. जाताना वन्संच्या पाया पडला. परीक्षा जवळ आली होती, मुलं पडतातच पाया. "यशस्वी हो," वन्सं म्हणाल्या.

त्याच आठवड्यात त्यानं आपला जीव दिला.

त्याचे वडील जेऊरहून त्याची ट्रंक न्यायला आले. मुलाच्या खोलीवरून ते आमच्या ओसरीत आले आणि टोपी काढून बसले. चहाला हात लावला नाही. मग म्हणाले, "बाई, तुमच्याकडं येत हुता. तुमास्नी कायतरी बोलला असंल की?" वन्सं त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "नाही हो… हसत होता." "घरीबी हसतच हुता," ते म्हणाले. एवढंच बोलणं झालं. ट्रंक उचलायला यजमान त्यांच्याबरोबर स्टेशनपर्यंत गेले आणि परत आल्यावर न जेवता निजले.

वन्सं महिनाभर धड जेवल्या नाहीत. मला एकदा म्हणाल्या, "मी मागच्या बाकाकडे बघत राहिले, सुधा. हा माझ्या पुढ्यात बसला होता." मी समजूत घालायला गेले की तुम्हाला कसं कळणार होतं. त्या म्हणाल्या, "नुसतं बघून कळणार नव्हतंच. विचारायला हवं होतं." मग त्या पुन्हा सिव्हिलच्या डॉक्टरांकडे गेल्या. मुलगा वस्तू वाटत सुटला होता, हे ऐकल्यावर डॉक्टर म्हणाले, ती निरवानिरव होती. वन्संनी त्यांना विचारलं, अशा मुलाला मरणाबद्दल विचारलं आणि विचारल्यानंच त्याच्या डोक्यात आलं तर? डॉक्टर म्हणाले, "नाही येत, बाई. असलेलं बाहेर पडतं. सरळ विचारा. आणि 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, माझ्याकडे आणा."

तेव्हापासून वन्सं विचारायला लागल्या. सोपं गेलं नाही. पहिल्यांदा ज्या मुलीला विचारलं ती संतापली, घरी जाऊन सांगितलं, तिचे काका प्राचार्यांकडे भांडायला आले: आमच्या पोरीला बाई असलं अभद्र विचारतात! वन्संनी माफी मागितली, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या मुलीला तोच प्रश्न विचारला. त्या मुलीनं होकाराची मान हलवली. ती आज कुठंतरी शिक्षिका आहे. पण वन्सं त्या मुलीविषयी कधी बोलल्या नाहीत. बोलायच्या त्या जेऊरच्या मुलाविषयीच. शेवटपर्यंत. कोणी त्यांच्या कामाचं कौतुक केलं की त्यांचा चेहरा आणखी मिटायचा, आणि मला कौतुक करणाऱ्याचा राग यायचा.

तेराव्यानंतरच्या रविवारी सकाळी फाटकाशी एक मुलगा येऊन उभा राहिला. काटकुळा, डोळे खोल गेलेले. "बाई हायत का?" त्यानं विचारलं. तो मंद्रूपचा, महिनाभर गावीच होता, त्याला काही कळलेलं नव्हतं. मी सांगितलं. तो रडला नाही, दचकलाही नाही. "मग ऱ्हाऊ द्या," म्हणाला आणि वळला.

त्या "ऱ्हाऊ द्या"नंतर मी त्याच्या मागं फाटकाबाहेर गेले. मी म्हटलं, "थांब, पाणी तरी पी." तो ओसरीत टेकला. भांडं हातात धरून बसला, प्यायला नाही.  वन्संना शंभरदा ऐकलं होतं, पण तो प्रश्न माझ्या जिभेवर येईचना. मी आपलं विचारत राहिले, घरी कोण असतं, पाऊसपाणी कसं आहे, कन्नड बोलता का घरी. तो "व्हय" म्हणत होता, सगळ्यालाच.

यजमान आत दाढी करत होते. एका गालावर साबण तसाच, ते बाहेर आले आणि त्याच्यासमोर उकिडवे बसले. धर्मशाळा म्हणून चिडणारे माझे यजमान. म्हणाले, "बाळ, मी बाईंचा भाऊ. तुला एक विचारतो, रागावू नकोस. जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?"

मला वाटलं, तो उठून जाईल. त्यानं भांडं खाली ठेवलं. 

"येतंय," तो म्हणाला. "लई दिस झालं."

"बरं झालं सांगितलंस," यजमान म्हणाले.  मग माझ्याकडे वळून, "तू ह्याच्याजवळ बस. मी सदरा घालतो." तसेच अर्धवट दाढीनं ते त्याला टांग्यात घालून डॉक्टरांच्या घरी गेले. टांगा वळला तसा तो मुलगा मागं वळून बघत होता, आणि ह्यांचा हात त्याच्या खांद्यावर होता.

मंद्रूपहून त्याच्या वडिलांना बोलावून घेतलं. डॉक्टरांनी त्याला आठवडाभर सिव्हिलमध्ये ठेवलं. आता तो इथंच आपल्या आत्याकडे राहतो आणि संध्याकाळी आमच्याकडे येतो. वन्संची खोली आम्ही त्याला अभ्यासाला दिली आहे. अभ्यास काही होत नाही. पुस्तक उघडून बसतो. औषधानं तोंडाला कोरड पडते म्हणतो. यजमान पेपर घेऊन त्याच खोलीत बसतात. काल तो जाताना ह्यांनी विचारलं, "उद्या येशील ना?" तर म्हणाला, "बघू की." तेव्हापासून ह्यांचं चित्त थाऱ्यावर नाही.

आज त्याची वेळ टळून गेली. मी हे लिहीत बसले आहे आणि हे तिसऱ्यांदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. मी म्हटलं, येईल, बस चुकली असेल. मलाही ते खरं वाटत नव्हतं…

आत्ता फाटक वाजलं. "आला गं," ह्यांनी बाहेरून हाक दिली. मला उठायला हवं. त्याच्यासाठी भाकरी टाकायची आहे.